वाचक विचारतात : बटणाचा मोबाईल

या वेळी बऱ्याच पत्रांत विषय एकच आहे, साधा बटणाचा फोन. कुणाला कपाटातला जुना चालू करायचाय, कुणाला आज्जीसाठी नवा घ्यायचाय. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

वडिलांचा नोकिया ११०० कपाटात सापडला. चार्जिंगला लावल्यावर चालूही झाला. आज वापरता येईल का? त्याची नेमकी माहिती द्यावी. (संकेश्वर)

येईल, पण आधी सिम कुठल्या कंपनीचं आहे ते बघा. नोकिया ११०० हा २००३ सालचा हँडसेट. आपल्याकडे विकला गेलेला तो फक्त टूजीवर चालतो, तेही ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ या दोनच बँडवर. जिओचं जाळं सुरुवातीपासून फोरजीचं आहे, त्यात टूजी नाहीच. म्हणून जिओचं सिम घातलंत तर सिम चांगलं, फोन चांगला, तरी नेटवर्क कधीच येणार नाही. दुकानदार फोन उघडून बोर्ड तपासायला लागला तर त्याला आधी हे सांगा. ज्या कंपनीचं टूजी तुमच्या गावात चालू आहे तिचं सिम घातलं की बोलणं आणि मेसेज दोन्ही व्यवस्थित होतात.

आता फोनबद्दल. वजन ८६ ग्रॅम. लांबी १०६, रुंदी ४६, जाडी २० मिलिमीटर. पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, एकरंगी. भर उन्हात शेतात उभं राहूनही नंबर वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण. कॅमेरा, रेडिओ, ब्लूटूथ, इंटरनेट, मेमरी कार्ड यातलं काही नाही. फोनच्या स्वतःच्या फोनबुकात नावं ५०च मावतात, बाकीची सिमवर ठेवावी लागतात. टॉर्चसाठी मुख्य पडद्यावर असताना सी बटण दाबून धरायचं. दोनदा दाबलं की टॉर्च चालूच राहतो. बटणांवर रबराची अख्खी एकच चादर आहे, त्यामुळे पिठाच्या गिरणीतली नाहीतर तंबाखूच्या वखारीतली धूळ सहज आत जात नाही. जगभरात हा हँडसेट २५ कोटींच्या वर खपला, त्यामागे ही असली साधी सोय आहे.

एक अडचण सिमच्या मापाची. या फोनला २५ बाय १५ मिलिमीटरचं मोठं सिम लागतं आणि आज हातात येतं ते १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो. नवीन सिम घेत असाल तर तिन्ही मापांच्या खाचा असलेलं कार्ड मिळतं. ते फक्त बाहेरच्या खाचेवर मोडा, आतला तुकडा सोडवूच नका. आधीच नॅनो केलं असेल तर प्लास्टिकचा ॲडॅप्टर वापरा, पण मागच्या बाजूने पातळ चिकटपट्टी लावून. नॅनो ॲडॅप्टरमधून सुटलं की सिमच्या जागेतल्या बारीक स्प्रिंग पट्ट्या त्याच्या कडेला अडकतात आणि ओढताना वाकतात. रिकामा ॲडॅप्टर तर कधीच आत सरकवू नका. वाकलेली एक पट्टी सुईने उचलता येते. तुटली तर सिमचा अख्खा सॉकेट बदलावा लागतो.

बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण बसत नाही. नवी बीएल-५सी घ्यायला गेलो तर दुकानात सत्तर रुपयांपासून तीनशेपर्यंत सगळ्या भावांच्या दिसल्या. खरी कशी ओळखावी? (जांबोटी)

फुगलेली बॅटरी आजच फोनमधून काढा. दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका आणि टोचून हवा काढायचा तर अजिबात नको. आत लिथियम-आयनचा सेल असतो. वय झालं, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली किंवा चार्जरने गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब दिला की आतला द्राव विघटतो आणि वायू होतो. टोचल्यावर आतले दोन थर एकमेकांना भिडतात आणि पेट घेतात. २००७ साली याच बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल नोकियाने जगभर सूचना काढून त्या बदलून देऊ केल्या होत्या, कारण चार्जिंग करताना त्या तापू शकत होत्या. तेव्हा हे दुर्लक्ष करण्याचं काम नव्हे.

फुगवटा थोडा असेल आणि शंका वाटत असेल तर बॅटरी काचेवर किंवा सपाट फरशीवर आडवी ठेवून बोटाने फिरवा. चांगली बॅटरी जागीच घासते. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे.

विकत घेताना छापलेल्या आकड्याला भुलू नका. ११००सोबत आलेली बीएल-५सी ८५० मिलिअँपिअर-तासांची होती, नंतरच्या मूळ बॅटऱ्या १०२०पर्यंत गेल्या. या मापाच्या सेलमध्ये एवढंच मावतं. त्याच आकारावर २५०० किंवा ३००० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि आकड्यात खोटेपणा करणारा आतल्या संरक्षक सर्किटमध्येही काटकसर करतो. ते सर्किट म्हणजे जास्त चार्ज होताना किंवा शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारी बारीकशी पट्टी. स्वस्त बॅटरीत पहिलं गायब होतं ते हेच.

घरी मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर लावून अधिक आणि वजा खुणेच्या पट्ट्यांवर टोकं टेकवा. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.१ ते ४.२ व्होल्ट दिसायला हवेत. मग बॅटरी फोनबाहेर काढून रात्रभर ठेवा. सकाळी चारच्या खाली गेली असेल तर सेल आतून गळतो आहे, परत करा.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी चार्जिंगला लावल्यावर पडदा काळाच राहतो. अर्धा तास थांबा. खूप उतरलेल्या बॅटरीला फोन आधी अगदी थोडा प्रवाह देतो, तोवर पडद्यावर काही येत नाही. काही ठिकाणी नऊ व्होल्टच्या सेलचा झटका देऊन बॅटरी जागी करतात. ते करू देऊ नका, संरक्षक सर्किट असेल तर ते जळतं. जुन्या नोकियाला ३.५ मिलिमीटरची जाड पिन लागते, नंतरच्यांना २ मिलिमीटरची बारीक. जाड पिनेचा चार्जर न मिळाल्यास दोन्हींना जोडणारा छोटा तुकडा मिळतो.

आणि तुम्ही जांबोटीचे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळाभर हवा ओलीच असते. त्या ओलीने बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि फोन मध्येच बंद पडू लागतो. पेन्सिलच्या खोडरबराने हळूच पुसलं की बऱ्याचदा नवी बॅटरी घ्यायची वेळच येत नाही.

पावसात फोन भिजला. वाळवल्यावर चालू झाला, पण २, ५, ८ आणि ० लागत नाहीत. तांदळात ठेवला होता. (खानापूर)

तांदळाने काही होत नाही. उलट त्याची बारीक भुकटी चार्जिंगच्या छिद्रात जाते. भिजल्याबरोबर करायचं ते एवढंच: बॅटरी काढा, सिम काढा, चार्जर लावू नका. पाण्याने फोन मरतो तो पाण्यात वीज फिरल्यामुळे. वीज नसेल तर नुसतं पाणी फारसं बिघडवत नाही.

तुमची बटणं एका उभ्या ओळीतली आहेत, आणि हीच खूण महत्त्वाची आहे. कीपॅडची बटणं आडव्या आणि उभ्या तारांच्या जाळीवर असतात. एकच बटण गेलं तर त्याखालची पत्र्याची घुमटी, म्हणजे डोम, खराब झालेली असते. अख्खी ओळ एकदम गेली तर डोम बदलून उपयोग नाही. त्या ओळीची तार कुठेतरी गंजून तुटलेली असते किंवा तिच्यावर मीठ बसलेलं असतं.

जुन्या नोकियाचे स्क्रू सहा टोकांच्या टी-६ पान्याने निघतात, साध्या पेचकसाने ते घासले जातात. फोन उघडल्यावर रबराची चादर काढा. तिच्याखाली चिकटपट्टीवर डोम बसवलेले दिसतील. पट्टी एका कोपऱ्यातून सावकाश उचला. खाली सोनेरी वर्तुळं असतात. पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ९९ टक्क्यांचं, जुन्या मऊ टूथब्रशवर घेऊन घासा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर आणि पेट्रोलही नको. पंख्याखाली दोन तास वाळू द्या, केसांच्या ड्रायरने तापवू नका. डोमची पट्टी परत चिकटवताना प्रत्येक डोम वर्तुळाच्या मधोमध आला पाहिजे. अर्धा मिलिमीटर सरकला तरी बटण दोनदा दाबलं जातं.

साफ करूनही ओळ लागली नाही तर भिंगातून तार तपासून बारीक तांब्याची तार जोडावी लागते. ते कारागिराचं काम. पण त्याला “कीपॅड बदला” असं न सांगता “एक उभी ओळ गेली आहे” असं सांगा. निम्मा वेळ वाचेल.

कोगनोळीला शेत आहे. तिथं गेलं की फोनमध्ये महाराष्ट्राचं नेटवर्क येतं, घरी निपाणीला कर्नाटकाचं. बॅटरी दीड दिवसात संपते. पैसेही जास्त जातात का? (निपाणी)

पैशाची काळजी नको. आजच्या नेहमीच्या पॅकमध्ये देशभर रोमिंग धरलेलंच असतं. बॅटरीची तक्रार मात्र खरी आहे. कर्नाटक हे एक दूरसंचार मंडळ (सर्कल), महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. टॉवरच्या लहरींना सीमा ठाऊक नाही. कागलकडचा टॉवर जोरदार लागला की फोन तिकडे जातो, चार पावलांवर परत इकडे येतो. दर वेळी त्याला नव्याने नोंद करावी लागते आणि तेव्हा तो जोराने लहरी सोडतो. खिशात गप्प पडलेला फोन प्रत्यक्षात सारखा बोलत असतो.

उपाय असा: सेटिंग्जमध्ये फोन सेटिंग्ज, त्यात नेटवर्क सिलेक्शन, तिथं ऑटोमॅटिकच्या जागी मॅन्युअल. फोन मिनिटभर शोधून यादी दाखवेल, त्यातलं आपलं निवडा. एकाच कंपनीचं नाव दोनदा दिसलं तर एक इकडचं, एक तिकडचं. घाट उतरून कोकणात किंवा पुण्याला जाताना परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका, नाहीतर फोन दिवसभर मुका राहील.

आईला मराठीत एक मेसेज पाठवला की तीन मेसेजचे पैसे कापतात, असं का? (शहापूर, बेळगाव)

इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. मराठी किंवा कन्नड लिहिलं की ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण सगळी वेगळी मोजली जातात. “नमस्कार” म्हणजे सात. सत्तरच्या पुढे गेलात की जोडमेसेज होतो आणि प्रत्येक तुकड्यात ६७च राहतात, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आणि आईचा फोन फार जुना असेल तर तिथं नुसते चौकोन दिसतील, हेही बघून घ्या.

आज्जीसाठी नवा बटणाचा फोन घ्यायचाय. काय पाहावं? (वडगाव)

डब्यावर “फोरजी” लिहिलंय एवढं पुरेसं नाही, “व्होल्टी” (VoLTE), म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, लिहिलेलं हवं. त्याशिवाय जिओवर बोलता येत नाही. जिओभारतसारखे स्वस्त फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, दुसरं सिम त्यात चालत नाही. आज्जीचा जुना नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल तर हे आधी ठरवा.

बटणं वेगवेगळी, उंच आणि आकडे मोठे असावेत. दुकानातच अंधारात टॉर्च लावून बघा आणि फुल आवाजात रिंग वाजवून बघा. रेडिओ हवा असेल तर इअरफोन लावल्याशिवाय चालतो का विचारा. बऱ्याच फोनमध्ये इअरफोनची वायर हीच एरियल असते. एसएआर आकडा, म्हणजे फोनच्या लहरी अंगात किती शिरतात त्याचं माप, १.६ वॅट प्रति किलोच्या आत हवा, भारतात २०१२पासून हीच मर्यादा आहे. तो बऱ्याचदा डब्यावर असतो.

इंटरनेट नको असेल तर फक्त कॉल आणि मेसेजचं पॅक मागा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४च्या नियमानंतर कंपन्यांना ते ठेवावंच लागतं. दुकानदार डेटाचंच पुढे करतो, म्हणून नाव घेऊन मागा.

घरी आणल्यावर पहिलं काम: *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन क्रमांक येतील. मेसेजमध्ये केवायएम लिहून एक जागा सोडा, मग तो आकडा टाका आणि १४४२२ वर पाठवा. केवायएम इंग्रजी अक्षरांतच (KYM) लिहायचं. मॉडेल आणि कंपनीचं नाव उत्तरात येईल. ते हातातल्या फोनशी जुळलं नाही तर त्याच दिवशी परत करा. आकडे बिलावर लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार दिल्यावर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करताना हेच आकडे लागतात.

उसाच्या मळ्यातला मोटरचा मोबाईल स्टार्टर फोन केला तरी उचलत नाही. आधी चालायचा. (उगार खुर्द)

मोबाईल स्टार्टर म्हणजे फोन करून मोटर चालू-बंद करता येते ती सिमवाली पेटी. ती उघडण्याआधी त्यातल्या सिमचा रिचार्ज बघा. ते सिम सहसा स्वतःहून कॉल करत नाही, म्हणून त्याची मुदत संपल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली असली तर कंपनी नंबर बंद करू शकते. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला आणि त्यावर बाहेरून कॉल करा. वाजलं तर सिम ठीक. सिम बदलताना ज्या कंपनीचं टूजी चालू आहे तिचंच घ्या, जुन्या स्टार्टरमधलं मोड्यूल फोरजी ओळखत नाही.

फोन उचलतो पण १ दाबल्यावर मोटर सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी. तीन फेज आल्यात का ते बघा. एक जरी नसली तरी स्टार्टर मोटर वाचवण्यासाठी मुद्दाम गप्प बसतो. तीनही असतील तर तुमच्या हातातल्या फोनमध्ये कॉल सेटिंग्जमध्ये डीटीएमएफ बंद झालंय का पाहा. बटण दाबल्याचा सूर पलीकडे गेलाच नाही तर स्टार्टरला काही कळत नाही. बटण थोडं, अर्धा सेकंद, दाबून धरा.