वडिलांची पोटावरची मळाची पिशवी बंद करायची आहे. दुर्बिणीने करावं की पोट उघडून?

आतडं फुटलं म्हणून तातडीने ऑपरेशन, डाव्या बाजूला पिशवी, त्याला आता चार महिने झाले. कणकवलीचे सर्जन पोट उघडून करू म्हणतात, कोल्हापूरचे दुर्बिणीने. तुमचा प्रश्न असा आहे.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर 'लूप कोलोस्टॉमी' लिहिलं असेल तर आतड्याची दोन्ही तोंडं त्याच भोकात आहेत. भोकाभोवती छेद घेऊन ती जोडतात आणि आत सोडतात. दुर्बिणीची सहसा गरजच पडत नाही.

'हार्टमन' लिहिलं असेल तर काम मोठं आहे. गुदाशयाचं वरचं तोंड बंद करून ओटीपोटात ठेवलेलं असतं. ते शोधायचं, पिशवीकडचं टोक तिथवर आणायचं आणि जोडायचं. मळ पोटात पसरला होता, त्यामुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. ती जरा सैल पडावीत म्हणून तर तीन ते सहा महिने थांबवतात. दुर्बिणीत पिशवीच्या भोकातून एक पोर्ट (अवजारं आत घालायची नळी) घालतात आणि 5 ते 12 मिमीची आणखी दोन-तीन छिद्रं पाडतात. आतड्याची दोन टोकं पिनांनी जोडणारा गोल स्टेपलर गुदद्वारातून येतो. जोड झाला की ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोड गळतोय, तो तिथेच दुरुस्त करायचा. उघड्या ऑपरेशनमध्येही जोड असाच होतो.

म्हणून दुर्बिणीचा खरा फायदा जखमेपुरता आहे: दुखणं कमी, जखम पिकणं कमी, पुढे हर्निया कमी, घरी लवकर. जोड गळण्याची भीती दोन्हीकडे राहतेच. जुन्या टाक्यांवर मोठा हर्निया असेल, पोट अनेकदा उघडलेलं असेल किंवा दमा-हृदयविकारामुळे पोटात गॅस भरून डोकं खाली केलेलं सोसणार नसेल, तर मी उघड्या ऑपरेशनच्याच बाजूने आहे. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश मानू नका. आतडं फाडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सर्जनना थेट विचारा: हार्टमन उलटवण्याची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? जोड सांभाळायला काही दिवस छोट्या आतड्याची पिशवी लागू शकते का?

ऑपरेशनआधी उरलेल्या गुदाशयाची गुदद्वारातून दुर्बिणीने तपासणी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि साखर बघून घ्या. विडी-तंबाखू किमान महिनाभर आधी बंद.

कोल्हापूरला केलंत तर सुट्टी मिळाली म्हणून लगेच फोंडाघाट उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. जोड गळाला तर बहुधा पहिल्या दहा दिवसांत कळतं: ताप, नाडी जलद, पोट फुगणं, दुखणं वाढत जाणं. तेवढे दिवस हॉस्पिटलजवळच राहा. सुरुवातीला पेज, मऊ भात, ताक. दिवसात पाच-सहा वेळा पातळ शौचाला होणं काही आठवडे चालतं. कातडी सोलवटू नये म्हणून झिंकचं मलम लावा. पिशवीच्या जागी मध्ये छोटं भोक मुद्दाम उघडं ठेवतात, ते हळूहळू भरतं. सहा आठवडे पाण्याची कळशी नाही, आंब्याची पेटी नाही, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला तर अजिबात नाही.