रजिस्ट्रंट म्हणजे मालक, नोंदणीकर्ता की नोंदणीदार?

प्रश्न असा आहे: 'आमच्या वाचनालयासाठी डोमेन घेतोय. समितीसाठी अर्जाचं मराठी करताना रजिस्ट्रंटला मी मालक लिहिलं, एकानं नोंदणीकर्ता सुचवलं. बरोबर काय?'

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, आणि रजिस्ट्रंट म्हणजे ते ज्याच्या नावावर नोंदलेलं असतं तो. मी 'नोंदणीदार' लिहीन.

'मालक' सपशेल चूक. डोमेन विकत मिळत नाही, वापरायला मिळतं. डॉट कॉम घ्या, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी. पैसे भरायचे राहिले आणि सवलतीची मुदतही सरली की ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. सातबारा पाहणाऱ्यांना इथे 'भोगवटादार' आठवेल. अर्थ बराच जवळचा आहे, पण त्याला शेताच्या बांधाचा वास येतो.

'नोंदणीकर्ता' व्याकरणात बसतो, व्यवहारात घात करतो. माझ्या मित्राच्या दुकानाचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्यानं घेतलं आणि नावाच्या रकान्यात स्वतःलाच घातलं. दोन वर्षांनी दोघांचं बिनसलं आणि दुकानाची मेल बंद पडली. नोंदणीचा 'कर्ता' तोच होता, नाही का! 'दार' लावला की हा घोळ होत नाही. खातेदार म्हणजे खातं उघडून देणारा कारकून नव्हे, खातं ज्याच्या नावावर तो. परवानादार, ठेवीदार, तसाच नोंदणीदार.

रजिस्ट्रारचं काय? सहकारी संस्थांचा निबंधक, विद्यापीठाचा कुलसचिव, न्यायालयाचा प्रबंधक, हे सगळे खुर्चीवरचे अधिकारी. डोमेनचा रजिस्ट्रार हा नावं विकणारा दुकानदार, त्याला निबंधक म्हणणं म्हणजे उगाच फेटा बांधणं. 'नोंदणीकार' करता येईल, पण नोंदणीदारापासून त्याचं अंतर एका अक्षराचं. मुद्रितशोधक शाप देतील. रजिस्ट्रारच ठेवा. रजिस्ट्री मात्र पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा, कारण आपल्याकडे 'रजिस्ट्री झाली' म्हणजे अनेकांना खरेदीखतच वाटतं. इथे ती मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था. शेवटी डॉट इन असलेल्या नावांसाठी ते काम निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे.

आता तुमच्या अर्जातले रकाने. ते भरले की डोमेन कुणाचं याची नोंद होते. या नोंदींचं जुनं नाव 'हूइज', म्हणजे सरळ 'कोण आहे?'. 1982 साली त्याचा पहिला मसुदा निघाला तेव्हा अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, वापरणाऱ्यांकडून नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि मेलपेटी एवढंच मागितलं होतं. ओळखीपाळखीच्या लोकांची ती डायरी. पुढे जग आत आलं, पण घरचा पत्ता आणि फोन चव्हाट्यावरच राहिले. मे 2018 मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हा कुठे डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनं व्यक्तींचे तपशील झाकायला मुभा दिली. ऑगस्ट 2025 पासून लागू झालेल्या धोरणात तर 'प्रशासकीय संपर्क' हा रकानाच गेला. जुन्या नमुन्यावरून भाषांतर करत असाल तर तो गाळा.

नोंदीत इंग्रजीत 'रिडॅक्टेड' दिसतं, त्याला 'वगळलेले' म्हणू नका. माहिती रजिस्ट्रारकडे असते, फक्त दाखवत नाहीत. योग्य कारण दाखवून ती मागता येते. 'झाकलेले' म्हणा.

आणि एक. 'संस्था' हा रकाना भरला की नोंदणीदार ती संस्था धरली जाते, शेजारचं माणसाचं नाव तिच्या वतीनं. तिथे वाचनालयाचं नाव घाला, सचिवांचं नको. तुमच्याकडे दर निवडणुकीला सचिव बदलत असणार. मेलचा पत्ताही त्याच डोमेनवरचा देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडल्याची सूचना बंद पडलेल्या मेलवर जाईल.