कात्रीनं कार्ड बंद होत नाही

भाऊ, सेकंड शिफ्ट संपवून घरी आलो आणि जेवता जेवता तुझी पोस्ट वाचली. नाशिकच्या अंबडला पहिली नोकरी, आठ महिने झालेत, पगार २४ हजार. पगार खात्याच्या बँकेनं क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला, मॉलमधल्या स्टॉलवर मात्र 'लाइफटाइम फ्री' कार्ड लगेच मिळतंय. इथपर्यंत ठीक. पण शेवटी जे लिहिलंयस ना, 'घेऊन ठेवतो, नाही पटलं तर कापून टाकीन', तिथं माझा घास अडकला. हेच वाक्य मी २०१७ साली बोललो होतो. आणि नुसतं बोललो नाही, कार्ड खरंच कापलं. चिपच्या बरोब्बर मधोमध.

वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी बँकेत नाही, सीए नाही. सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. त्यामुळे खालचं सगळं 'एका भाजलेल्या माणसाचं मत' म्हणून वाच आणि तुझ्या कार्डाच्या अटी तू स्वतः वाच. ड्यू डेट म्हणजे काय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

तर माझी गोष्ट. दिवाळीच्या खरेदीला मॉलमध्ये गेलो होतो. टाय लावलेला एक पोरगा मागे लागला, "सर, लाइफटाइम फ्री, फक्त एक सही." सही केली. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहिलं वर्ष फुकट, नंतर वर्षाला ४९९ रुपये, आणि वर्षात ठरावीक खर्च केला तरच फी माफ. ते मी वाचलं सहा वर्षांनी. फॉर्मवर मोबाइल नंबर दिला कंपनीच्या सिमचा, ईमेल दिला कंपनीचा, पत्ता दिला सिडकोतल्या भाड्याच्या खोलीचा आणि रेफरन्स म्हणून वडिलांचा नंबर. एवढ्या एका ओळीत माझ्या पुढच्या सगळ्या भोगाची कुंडली आहे.

कार्ड दोनदा वापरलं. एकदा बूट घेतले, एकदा रेल्वेचं तिकीट. दोन्ही बिलं पूर्ण भरली. मग वडिलांच्या हाती ते कार्ड लागलं. वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा छापल्या, पण स्वतः किराणा दुकानात कधी उधारी ठेवली नाही. म्हणाले, "दुसऱ्याच्या पैशानं बूट घालतोस?" झालं, त्याच रात्री कार्डाचे दोन तुकडे केले आणि विषय संपला असं समजलो.

२०१८ च्या पावसाळ्यात नोकरी बदलली. कंपनीचं सिम परत केलं, ईमेल बंद झाला, खोली सोडून इंदिरानगरला आलो. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या वर्षाची फी लागली: ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. स्टेटमेंट गेलं बंद ईमेलवर, मेसेज गेला दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर. मला पत्ताच नाही. त्यावर लेट फी, लेट फीवर जीएसटी, सगळ्यावर व्याज, पुढच्या वर्षी परत फी. २०२१ मध्ये आकडा झाला ९,४१६ रुपये. बूट केव्हाच फाटले होते.

हे मला कळलं कसं, तर रात्री साडेआठला वडिलांना फोन आला. "तुमचा मुलगा थकबाकीदार आहे." वडिलांचा तो चेहरा असा होता की तसा बघायची वेळ शत्रूवरही येऊ नये. (२०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई केली आहे, घरच्यांना, रेफरन्सवाल्यांना छळायलाही. असा फोन आला तर वेळ, नंबर टिपून ठेव आणि बँकेला लेखी कळव.)

आणि आता खरी चूक. कार्ड कापणं ही चूक होतीच, पण ती ५८८ रुपयांची. मोठी चूक मी यानंतर केली, आणि ती करताना मला वाटत होतं की मी लई हुशारी करतोय.

वसुलीवाला म्हणाला, "साहेब, ९,४१६ आहेत, तुम्ही ४,५०० भरा, आजच्या आज सेटलमेंट करून देतो." मी रविवार कारंज्यावर भाजी घेताना जशी घासाघीस करतो तशी त्याच्याशी केली, साडेचारवरून चारवर आणला आणि लिंकवर पैसे भरले. पत्र आलं, 'सेटलमेंट'. पत्र वडिलांना दाखवलं, पेढे तेवढे वाटायचे राहिले.

२०२३ मध्ये पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला. २४ लाखांचं कर्ज हवं होतं. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कुठली उधारी कशी फेडली याची नोंदवही. माझ्या नावापुढे त्या कार्डाची नोंद 'सेटल्ड'. मी म्हटलं, "मॅडम, पैसे तर भरलेत." त्या शांतपणे म्हणाल्या, "पूर्ण भरले असते तर 'क्लोज्ड' असतं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेनं उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं. आम्ही कशाला देऊ?" ५,४१६ रुपये वाचवले होते मी!

मग सुरू झाली प्रदक्षिणा. ज्या बँकेचं कार्ड, तिच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा गृहस्थ मान वर न करता, "कार्डाचं डिपार्टमेंट वेगळं, आमच्याकडे काही नसतं, कस्टमर केअरला लावा." कस्टमर केअर म्हणे, "कार्ड सिस्टीममध्ये दिसत नाही, एजन्सीकडे विचारा." एजन्सी म्हणे, "त्या बँकेचं काम आम्ही सोडलं, शाखेत जा." पुन्हा तीच शाखा, तोच गृहस्थ, तीच मान. अर्धा दिवस रजा टाकून चार वेळा गेलो. एकदा तर म्हणाला, "उद्या या," आणि दुसऱ्या दिवशी रजेवर. उरलेले ५,४१६ रुपये घ्या हो, असं मी हात जोडून सांगतोय आणि घ्यायला कुणी तयार नाही! स्टॉलवर सही घ्यायला मात्र माणूस धावत आला होता. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका शाखेशी आहे, आणि खरं सांगायचं तर असं काउंटर कोणत्याही बँकेत भेटू शकतं.

सुटका झाली ती कागदानं. आमच्या कॉलनीतले एक काका बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, शाखेत तोंडी काही बोलू नकोस, बँकेच्या वेबसाइटवर तक्रारीचे टप्पे असतात, तक्रारींसाठी नेमलेल्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याला (नोडल अधिकारी) लेखी मेल कर, तक्रार क्रमांक घे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो तो) ऑनलाइन तक्रार, पैसे लागत नाहीत. ३० दिवस काही हललं नाही. लोकपालाकडे तक्रार टाकली, तेव्हा कुठे बँकेकडून स्वतःहून फोन आला. उरलेली रक्कम भरली, 'नो ड्यूज'चं (काही देणं बाकी नाही असं) पत्र घेतलं, आणि नोंद 'क्लोज्ड' व्हायला वर आणखी काही आठवडे. (आता नियम आहे की रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निस्तरली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा आला २०२४ मध्ये, माझं सगळं उरकल्यावर. नशीब.)

तोवर फ्लॅटवाला थांबला नाही ना. हातचा जाऊ नये म्हणून एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून एक टक्का जास्त व्याजानं कर्ज घेतलं. २४ लाखांवर २० वर्षांसाठी एक टक्का म्हणजे हप्त्यात महिन्याला दीड हजारापेक्षा जास्त फरक. दीड वर्ष तो भरला, मग कर्ज दुसरीकडे फिरवलं, त्याचा खर्च वेगळा. कर हिशोब, ते बूट मला केवढ्याला पडले.

आता तुझ्याबद्दल. ही माझी मतं आहेत, कुणाला पटणार नाहीत.

एक तर आणखी अर्ज करणं थांबव. तीन ॲपवरून प्रयत्न केले म्हणतोस. प्रत्येक अर्जाची चौकशी तुझ्या रिपोर्टवर उमटते, आणि हा पोरगा दारोदार फिरतोय असं दिसतं. बँकेनं नाकारलं कारण तुझा उधारी फेडल्याचा काही इतिहासच नाही. तू वाईट आहेस म्हणून नाही. यावर सरळ उपाय म्हणजे एफडीवरचं कार्ड. पगार खात्याच्याच बँकेत १५-२० हजारांची एफडी कर आणि तिच्यावर कार्ड माग. पगाराचा पुरावा सहसा मागत नाहीत, लिमिट एफडीपेक्षा थोडं कमी मिळतं, एफडीवर व्याज चालूच राहतं. आपली पोरं याला नाक मुरडतात, 'आपलेच पैसे ठेवून आपल्यालाच उधार?' हो. माझ्या धाकट्या भावाला मी हेच करायला लावलं, वर्षभरात त्याला साधं कार्ड मिळालं. फक्त हे कार्डसुद्धा बुडवलं तर बँक एफडीतून पैसे वळते करते, हे लक्षात असू दे.

वापराचं म्हणशील तर महिन्याचं एकच ठरलेलं बिल त्यावर टाक. मोबाइल रिचार्ज, फार तर पेट्रोल (पेट्रोलवर सरचार्ज असतो, बघून घे). लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. १६ हजारांची लिमिट असेल तर ४,८०० च्या आतच. आणि ऑटो पे लावशील तेव्हा 'टोटल ड्यू'वर, म्हणजे पूर्ण बिलावर लाव. तिथं दुसरा पर्याय 'मिनिमम ड्यू'चा, म्हणजे बिलाचा थोडासाच भाग भरायचा असतो. आमच्या कारखान्यातल्या एका मित्रानं तोच निवडला, वर्षभर 'वेळेवर भरतोय' म्हणून खुश होता. उरलेल्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला बेचाळीस, वर व्याजावर जीएसटी. शिवाय थोडी जरी बाकी राहिली तरी नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. सावकार परवडला.

एटीएममधून क्रेडिट कार्डानं पैसे काढू नकोस. कारण विचारू नकोस, काढू नकोस.

सराफाकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'कार्डावर दोन टक्के जास्त' म्हणाले तर तिथं कार्ड काढूच नकोस, पॉइंटांच्या नादात दोन टक्के घालवण्यात काही अर्थ नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे जातात, सोयीचं आहे. पण माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष जोडू नकोस. मिसळ, चहा, रसवंती असं वीस-तीस रुपयांचं स्कॅन करत गेलं की महिनाअखेरी बिल बघून डोळे पांढरे होतात.

आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल. कंपनीचं काहीही नको. खोली बदललीस की त्याच आठवड्यात पत्ता बदल. वर्षातून एकदा सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून प्रत्येकी एक फुकट रिपोर्ट मिळतो. मी दर तीन महिन्यांनी एकाचा काढतो, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. बायको म्हणते हा आता रोग झालाय.

कार्ड नकोच झालं तर बंद करायची विनंती लेखी कर. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुला द्यायचे, हा २०२२ पासूनचा नियम आहे. बंद झाल्याचा मेल जपून ठेव. कात्री त्यानंतर.

राहिला स्टॉलवाला. त्याला सही देऊन बसला असशील आणि कार्ड घरी आलंच, तर घाबरू नकोस. 'लाइफटाइम फ्री' लेखी कुठे आहे ते शोध. नसेल तर कार्ड चालू करू नकोस. ३० दिवस चालू केलं नाही तर बँकेला तुझी ओटीपीनं संमती मागावी लागते, आणि तू ती दिली नाहीस तर खातं कोणताही खर्च न लावता बंद करावं लागतं. त्या काळात गोड आवाजात फोन येईल, "सर, फक्त व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी सांगा." तो ओटीपी संमतीचाच असू शकतो. सांगू नकोस. आणि रेफरन्स म्हणून वडिलांचा नंबर दिला असशील तर त्यांना आजच सांगून ठेव.