मालदीवला निघालेल्या बाईंना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीचं पत्र आलं, फार बरं वाटलं. आईकडून तुझी खरी काळजीही समजली: तिकडे दिवाळीचं काय? पगार, खोली, बोटीची तिकिटं हे सगळं सांगायला एजंट बसलाय. दिवाळीचं मी सांगतो. त्या बेटांवर मीही पोरांना गणित शिकवलंय.

आधी कायदा. पूजेची मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाही, तेव्हा लक्ष्मीची छोटी पितळी मूर्ती बॅगेत टाकायचा आजीचा हट्ट आताच मोडून काढ. 2008 च्या राज्यघटनेप्रमाणे मुसलमान नसलेल्याला तिथलं नागरिकत्वच मिळत नाही. बाहेरून आलेल्यांनी आपला धर्म खोलीत पाळायचा, चारचौघांत नाही. हे बरोबर की चूक, याची चर्चा बेळगावात येशील तेव्हा मनसोक्त करू. तिथे करायची नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार लावून हात जोड, झालं. पणती लावायची तर आधी घरमालकाला विचार.

वर्गात मात्र दिवाळीचं नाव नको. तुझा उत्साह मला माहीत आहे. फळ्याच्या कोपऱ्यात रांगोळी काढशील, नरकासुराची गोष्ट सांगशील. मुलांना आवडेलही. पण एखाद्या पालकाने तक्रार केली तर करार तुझा जाईल. मुलांनी विचारलंच, तर 'आमच्या घरी सण आहे, फराळ करतात' एवढं पुरे.

तुला हे जड जाऊ नये. आपल्या भागातल्या कितीतरी गावांत मोहरमचे पंजे उचलायला हिंदू घरं पुढे असतात, आणि पाडव्याला मराठी-कन्नड दोन्ही दारांत शेणाचे पांडव बसतात. दुसऱ्याच्या सणात कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे शिकायला तुला पुस्तक लागणार नाही.

आता चुकल्याचुकल्यासारखं कशाने होईल ते सांगतो. थंडीने. आपल्याकडे नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावताना अंगावर काटा येतो, तेव्हा कुठे ऊन पाण्याची मजा. तिथे विषुववृत्त जवळ, त्यामुळे पहाटेही घाम. उटणं लावशील आणि वैतागशील. दुसरं म्हणजे किल्ला. दगड-विटा रचून वर पोतं टाकायचं, लाल मातीचा काला थापायचा, मोहरी पेरायची आणि राजहंसगडाचा बुरूज नीट जमला नाही म्हणून भावाशी भांडायचं, यातलं काही तिथे नाही. माती म्हणावी तर पायाखाली सगळी प्रवाळाची पांढरी वाळू. घरच्या किल्ल्याचे फोटो मागवून घे. पण ते रात्री बघ, सकाळी शाळेला जायच्या आधी नको.

शाळा असणारच. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आठवडा सुरू. दिवाळी रविवारी आली तर पहिल्या तासाला तू वर्गात. म्हणून तुझी दिवाळी शुक्रवारी कर. तिथीचा आग्रह धरशील तर दरवर्षी रडशील.

उरला फराळ, आणि माझ्या मते तिथे दिवाळी म्हणजे फराळच. त्यांच्याकडे संध्याकाळच्या चहाबरोबर हेदिका खातात. मासा आणि खोबरं भरलेले तळलेले पदार्थ असतात ते. तू शाकाहारी, तेव्हा विचारल्याशिवाय काही तोंडात टाकू नकोस. पण तळलेलं खायची त्यांना सवय आहे, आणि तिथेच आपल्या चकलीची सोय होते. आमच्या स्टाफरूममधल्या एका वयस्क दिवेही, म्हणजे तिथल्याच, शिक्षकांनी माझी पहिली चकली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग बाहेरच्या टोकापासून एकेक तुकडा मोडत मधल्या टिकलीपर्यंत आले आणि उरलेला भाग चहात बुडवला. चकली चहात! मी गप्प बसलो. डबा पहिल्या सुट्टीतच रिकामा झाला. सणाचं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चिवडा करू नकोस, समुद्राच्या हवेत तासाभरात सादळतो. करंजीत ओलं खोबरं नको. नारळ मुबलक आहेत, तेव्हा वड्या कर आणि त्याच दिवशी वाटून टाक. बेसनाचे लाडू मात्र टिकतात.

शाळेत केरळचे शिक्षक भेटतील. त्यांना दिवाळीचं आपल्याइतकं कौतुक नसतं, त्यांचा जीव ओणममध्ये. ओणमला त्यांच्या पानावर जाऊन जेव, म्हणजे तुझ्या शुक्रवारी ते आपणहून येतील. तमिळ कुणी असेल तर पहाटेच्या तेलाची आठवण त्यालाही येत असते. आणि ईदला खोलीत बसून राहू नकोस. काही बेटांवर ईदला माडाच्या झावळ्यांचा मोठा मासा करतात, त्याला बोडू मस म्हणतात, अख्खं बेट रस्त्यावर येतं. बघायला जा, विद्यार्थी हाका मारतील.

सामानाचं राहिलं. चकलीची भाजणी दोन किलो ने. ती आणि उटणं, दोन्ही सीलबंद पाकिटात, वर इंग्रजीत छापील नाव असलेली. कागदाच्या पुडीत बांधलेली पावडर कस्टमवाल्यांना काय वाटेल सांगता येत नाही. अनारशाची खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, उगाच मालदीवमध्ये परीक्षा कशाला. सोऱ्या हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाक.

घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. पहिल्या अंघोळीला आईला फोन करशील तर तुझ्या साडेचारला कर, इथे पाच वाजलेले असतील आणि ती उठलेली असेल. मला सातनंतर केलास तरी चालेल.

तुझे,
सर