काकांची जुनी लेन्स, नवा कॅमेरा

प्रश्न : काकांच्या पेंटॅक्स फिल्म कॅमेऱ्याची ५५ मिमी एफ/१.८ सुपर-टाकुमार लेन्स मला मिळाली आहे. माझ्या सोनी मिररलेसवर ती चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चालेल, आणि सुरेख चालेल! ही एम४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसवायची लेन्स. तिला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, तुमच्या कॅमेऱ्यात ते १८ मिमी आहे. मधली जागा भरायला बिनकाचेचा साधा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे जोडकडं, पुरतो. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखता येत नाही, म्हणून मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ सुरू करा, नाहीतर शटर पडणार नाही.

लेन्सवरची ए-एमची छोटी खिट्टी ‘एम’वर हवी, ‘ए’वर प्रकाश आत सोडणारं छिद्र पूर्ण उघडंच (एफ/१.८) राहतं. माझी ‘ए’वर राहिली होती, अजिंक्यताऱ्यावरची अख्खी सकाळ एफ/८ समजून एफ/१.८ वर गेली. अजून हळहळ वाटते.

फोकस करताना पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भागाच्या कडा दाखवणाऱ्या, रंगीत रेषांवर विसंबू नका, छिद्र पूर्ण उघडं असताना त्या फसवतात. चित्र मोठं करूनच बघा. कासला फुलं टिपताना ही लेन्स ४५ सेंटिमीटरच्या आत येत नाही. मी रिंग तिथेच ठेवतो, वाटेच्या कडेला बसतो आणि स्वतःच इंचभर मागे-पुढे सरकतो. वारा थांबेपर्यंत वाट बघायची. मऊ पार्श्वभूमीवर उमटलेली ती तेरड्याची गुलाबी छटा मला फार प्रिय आहे.

आधी मात्र टॉर्च मारून आत बुरशीचे तंतू दिसतात का पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.