स्वतःसारखंच दुसरं यंत्र बनवणारं यंत्र खरंच आहे का? असेल तर घरोघरी का दिसत नाही?

आहे, पण अर्धंमुर्धं. माझ्या वर्कशॉपमध्ये असं एक आहे म्हणून उत्तर द्यायला बसलो. भोसरीत माझं छोटं जॉबवर्क चालतं. टेबलावरच्या थ्रीडी प्रिंटरचे (वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन वस्तू बनवणाऱ्या यंत्राचे) प्लास्टिकचे सगळे भाग एका मित्राच्या प्रिंटरवर छापलेले आहेत, आणि पुढे माझ्या प्रिंटरवर आणखी दोघांचे संच निघाले. म्हणजे मशीन नातवंडांपर्यंत पोचलं.

याची सुरुवात इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातली. एड्रियन बोयर यांनी २००५ साली तिथे रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे भाग स्वतः छापणारा प्रिंटर बनवायचा आणि आराखडे सगळ्यांना फुकट खुले ठेवायचे, हा बेत. पहिल्या मॉडेलचं नाव ‘डार्विन’. २९ मे २००८ ला त्याचं पहिलं ‘पिल्लू’ जोडून झालं आणि काही मिनिटांतच त्या पिल्लाने पुढच्या पिढीचा पहिला भाग छापला. खुल्या आराखड्यांत कुणीही बदल करू शकत होतं. चेक प्रजासत्ताकातल्या जोसेफ प्रुशाने ते इतके सुटसुटीत केले की पुढे त्याचंच डिझाइन जगभर चाललं. माझंही मशीन त्याच घराण्यातलं.

मग अर्धंमुर्धं का? कारण नट-बोल्ट मोजायचे सोडले तरी डार्विन स्वतःचे साधारण निम्मेच भाग छापू शकायचा. मोटारी, लोखंडी रॉड, बेअरिंग, सर्किट बोर्ड हे सगळं बाजारातून आणायचं. रेपरॅपवाले या सामानाला ‘व्हिटॅमिन’ म्हणतात: शरीराला लागतं, पण शरीर ते बनवत नाही. मला हा शब्द फार आवडतो.

त्यात जोडणारा हातही धरा. माझ्या मशीनवर ८ मिमीचं भोक छापलं की व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) ७.७ दाखवतो. गरम प्लास्टिक वळणावर आतल्या बाजूला ओढलं जातं, वर थंड होताना आकसतं. रॉड काही केल्या आत जात नाही. मग ८ चं ड्रिल बिट हातात धरून हलकेच फिरवायचं. ड्रिल मशिनला लावलं तर प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं, हा धडा मी दोन ब्रॅकेट वाया घालवून घेतला. एक प्रिंटर जोडायला माझे दोन रविवार गेले. मशीनने ‘स्वतः’ला बनवलं म्हणताना हे दोन रविवार कुणाच्या खात्यात टाकायचे?

एक शंका हमखास येते: झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर फिकं पडतं, तसं पिढ्या वाढल्या की मशीन बिघडत जाईल का? नाही. कारण मूल आईचं अंग बघून बनत नाही, कॉम्प्युटरवरच्या आराखड्याची फाइल वाचून बनतं, आणि फाइल दहाव्या पिढीलाही तीच असते. हे कोडं गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी १९४८ च्या एका व्याख्यानात कागदावरच सोडवलं होतं. यंत्राजवळ स्वतःच्या वर्णनाची एक पट्टी हवी. ती दोनदा वापरायची: एकदा वाचून त्याबरहुकूम यंत्र बांधायचं, आणि दुसऱ्यांदा न वाचता, आहे तशी उतरवून नव्या यंत्राला द्यायची. डीएनएची रचना कळली १९५३ ला. पेशी त्या डीएनएच्या पट्टीचं साधारण हेच करतात. माझ्या मशीनला यातलं पहिलं जमतं. दुसरं, म्हणजे फाइल देणं, मी पेन ड्राइव्हने करतो.

काही जण म्हणतात, मोटारी विकत आणता तर मग ही कसली आत्मनिर्मिती? मला ते पटत नाही. विरजणाला दूध लागतंच. चमचाभर दह्यापासून पातेलंभर दही होतं, त्या पातेल्यातून उद्याचं विरजण निघतं. दही स्वतः दूध देत नाही म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही. फरक इतकाच की विरजणाचं दूध दारात येतं आणि प्रिंटरचं ‘दूध’ कुठल्यातरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यातून.

घरोघरी न दिसण्याचं कारण मात्र साधा धंद्याचा हिशोब आहे. एक संच छापायला माझं मशीन दोन दिवस-दोन रात्री घेतं. मोल्डिंगच्या डायमधून, म्हणजे कारखान्यातल्या धातूच्या साच्यातून, तसा एकेक भाग काही सेकंदांत पडतो. डाय महाग पडतो खरा, पण हजारो नग काढायचे असले की तो केव्हाच फिटतो. म्हणून आता बाजारातल्या बऱ्याच तयार प्रिंटरांचे भाग मोल्डचेच असतात. प्रुशाच्या प्रागमधल्या कारखान्यात अजून शेकडो प्रिंटर पुढच्या प्रिंटरांचे भाग छापत बसलेले असतात, पण तो आता अपवाद म्हणायचा.

माझ्या मशीनचा फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) ढकलणारा मोठा गिअर प्लास्टिकचा आहे. मागे त्याचे दात झिजलेले दिसले, तेव्हा ते पार जायच्या आत त्याच गिअरवर मशीन चालवून नवा गिअर छापून घेतला. छापताना मी शेजारी उभाच होतो, कारण मध्येच दात सरकले असते तर मित्राला फोन करावा लागला असता.