‘तू फक्त उभा राहा’

कॅनडातल्या एडमंटनहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतेस, नाही छापत. तिथल्या मंडळात मुलगा आइस हॉकी खेळतो अशी मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून टीमचं नाव आणि जर्सीचा नंबरही गाळलाय. पत्रात सासूबाईंचा सुपर व्हिसा (मुलांकडे जास्त काळ राहायला आईबापांना मिळतो तो) आहे, धाकटीचं भरतनाट्यम आहे, कॅलगरीची बदली आहे, घरात मराठी टिकत नाही हे नेहमीचं दुखणं आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये, जाता जाता लिहिल्यासारखं, हे:

‘काकू, तो पंधरा वर्षांचा आहे, पण उंची सहा फूट दोन इंच. यंदा कोच म्हणाले, गोल करायला आमच्याकडे दुसरे आहेत, आपल्या छोट्या पोरांना कुणी हात लावला तर बघून घ्यायचं हे तुझं काम. मारामारीसाठी त्याला बाहेर काढलं, एकदा सस्पेन्शनही झालं. पण आता टीममध्ये त्याला मान आहे. आधी कुणी पार्टीला बोलवायचं नाही, आता सगळे बोलावतात. बाकीचे पालक ह्यांना कॉफी आणून देतात. हे तर खूश आहेत. मलाच काहीतरी खुपतंय, पण काय ते कळत नाही.’

अगं, जे खुपतंय ते बरोबर खुपतंय. बाकीचे प्रश्न शेवटी बघू, पळून जात नाहीत ते.

नेहमीच्या वाचकांना माझं हे खूळ ठाऊक आहे. ‘आम्हाला सामावून घेतलं’ एवढं ऐकण्यासाठी आपण परदेशातले मराठी लोक काय वाटेल ते देऊन बसतो. ऑफिसात सगळ्यांची उरलेली कामं ओढतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला फिरवतो. ते एक वेळ चालतं, कारण ओढणारे आपण असतो. इथे तू मुलगा दिलायस.

तुझ्या गावात या कामाला (ते करणाऱ्याला ‘एन्फोर्सर’ म्हणतात) मोठी परंपरा आहे, हे नवऱ्याने तुला सांगितलंच असेल. तुमच्या ऑयलर्स टीमचा तारा वेन ग्रेट्झकी, त्याला कुणी धक्का मारला की समोर डेव्ह सेमेंको उभा राहायचा. हा सेमेंको १९८३ मध्ये एडमंटनला मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनी सामन्यात रिंगणात उतरला होता, यावरून अंदाज कर. पुढे मार्टी मॅक्सॉर्ली आला. १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅक्सॉर्लीही माझ्याबरोबर हवा, असं त्याने सांगितलं आणि ते झालं. कौतुकाच्या गोष्टी आहेत, नाही म्हणत नाही. सेमेंको पुढे त्याच टीमसाठी नवे खेळाडू हेरायचं काम करत राहिला, त्याचं बरं झालं. मॅक्सॉर्लीने मात्र फेब्रुवारी २००० मध्ये समोरच्या टीमच्या डोनाल्ड ब्रशियरच्या डोक्यात मागून स्टिक घातली आणि व्हँकुव्हरच्या कोर्टाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवलं. एकच माणूस, एकच कौशल्य. आधी त्याची मागणी होती, नंतर त्याच्यावर खटला झाला.

आता डेरेक बूगार्डचं ऐक. हे नाव मी तुझ्या नवऱ्यासाठी लिहितेय, त्याला वाचून दाखव. सॅस्कॅचवान प्रांताचा मुलगा, वडील माउंटेड पोलिसांत. बदल्यांमुळे गाव बदलायचं, प्रत्येक शाळेत हा नवा आणि सगळ्यांपेक्षा दांडगा. ओळखीचं वाटतंय ना? सोळाच्या आसपास असताना एका सामन्यात तो भडकला आणि थेट समोरच्या टीमच्या बाकावर चालून गेला. घरच्यांना वाटलं, संपलं याचं हॉकी. पण प्रेक्षकांत रजायना शहराच्या ज्युनियर टीमचे लोक बसले होते, त्यांनी त्याला निवडला. त्याचं स्केटिंग किंवा पास बघून नव्हे, तो चालून जाणं बघून. पुढे सहा फूट सात इंचांचा होऊन तो मिनेसोटासाठी आणि मग न्यूयॉर्क रेंजर्ससाठी खेळला. एनएचएलच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या, २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. २००७ मध्ये त्याने भावाबरोबर रजायनात मुलांना मारामारी शिकवण्याचं शिबिर घेतलं. आईबापांनी मुलं पाठवली! मुलांना रक्ताचे खोटे डाग छापलेले टी-शर्ट मिळाले. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र पोटात जाऊन तो गेला. वय २८. घरच्यांनी मेंदू तपासणीसाठी बॉस्टन विद्यापीठाला दिला. डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजत जातो तो रोग, सीटीई, त्यात निघाला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलॅक हेही गेले. तेही हेच काम करणारे.

‘दोन-चार प्रसिद्ध नावं घेऊन काकू घाबरवतात’ असं तुझे अहो म्हणतील. म्हणून सांगते, २०२३ मध्ये एनएचएलच्या काही हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एन्फोर्सर म्हणून खेळलेले लोक त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा सरासरी दहा वर्षं लवकर गेले होते. आत्महत्या आणि अमली औषधांनी झालेले मृत्यूही त्यांच्यात जास्त.

पण मला जास्त भीती ठोशांची नाही, आदल्या रात्रीची आहे. जॉर्ज लराकचं नाव घरी ऐकलं असेल, तुझ्याच गावात अनेक वर्षं खेळला. हैतीहून मॉन्ट्रियलला आलेल्या आईबापांचा मुलगा, म्हणजे आपल्यासारखंच घर. आपल्या काळातल्या सगळ्यात दणकट माणसांत त्याची गणती व्हायची, आणि तोच उघड सांगतो की मारामारी मला कधीच आवडली नाही. एकदा त्याच्या अंगावर माइक होता. समोरच्याला विचारतो, करायची का? तो हो म्हणतो. हा म्हणतो, ‘गुड लक, मॅन.’ मग ग्लव्ह्ज बर्फावर पडतात, एका हाताने जर्सी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने मारत सुटायचं. लाइनमन, म्हणजे पंच, बाजूला थांबतात, दोघांतला एक पडला की मध्ये येतात. मग पाच मिनिटं पेनल्टी बॉक्स, म्हणजे शिक्षेचा बाक. त्या दोघांत वैर कसलंच नव्हतं. वैर दुसऱ्यांचं, ठोसे यांचे. आणि पुढच्या आठवड्यात समोर कोण आहे हे वेळापत्रकात आधीच छापलेलं असतं, त्यामुळे झोप मंगळवारपासूनच उडते. तुझा लेक सामन्याच्या आदल्या रात्री किती वाजता झोपतो, हे पत्रात कुठेच नाही. विचारलंयस का कधी?

आता माझ्या माहेरचं सांगते. माझा मावसभाऊ लालबागचा, कबड्डीत कोपरारक्षक, मांड्या अशा की त्याने पाय धरला की समोरचा चढाईपटू हलायचा नाही. १९८२ च्या संपात काका घरी बसले, ते बसलेच. अडीच लाख गिरणी कामगारांची तीच गत होती. त्या दिवसांत व्यायामशाळेत एक दादा यायचा. त्याने भावाला कधी मारामारी कर म्हटलं नाही. म्हणाला, ‘तू फक्त उभा राहा.’ दुकानदाराशी बोलणं दादा करणार, हा मागे हाताची घडी घालून उभा. महिनाभर तेवढंच. मग एक दिवस दुकानदार चढ्या आवाजात बोलला आणि सगळ्यांनी मागे वळून याच्याकडे बघितलं. पंटर असाच होतो. कुणी नेमणूकपत्र देत नाही.

आणि मावशी? रेशनच्या दुकानात तिला रांग लावावी लागत नव्हती. केरोसीन घरपोच यायचं. ‘आमच्या पोराला वस्तीत मान आहे,’ हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलंय आणि आता तुझ्या पत्रात वाचतेय. म्हणून ती कॉफी मला खटकली, बाई. टिम हॉर्टन्सची डबल-डबल आणून देणारा तो बाप स्वतःच्या बारीक पोराचे दात वाचल्याचे आभार मानत असतो. त्या बदल्यात कुणाचे दात जाणार, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

भावावर केस झाली, गुडघा कायमचा गेला. दादा पुढे वॉर्डातून निवडून आला. भाऊ हॉस्पिटलात होता तेव्हा दादाच्या माणसांपैकी कुणी फिरकलं नाही, मोसंबी घेऊन मीच जायची.

गरिबीमुळे झालं ते, आमच्या घरात काय कमी आहे, असं म्हणू नकोस. व्हँकुव्हरला जे झालं ते बघ. नव्वदीत तिथल्या पंजाबी पोरांच्या टोळ्या उभ्या राहिल्या, त्यातली कितीतरी मुलं दोन गाड्या असलेल्या घरांतली. त्यातलाच एक म्होरक्या बिंडी जोहल, लहानपणी पंजाबातून आलेला. डिसेंबर १९९८ मध्ये एका नाइटक्लबात, भर गर्दीत त्याला गोळी घातली. त्याचा उजवा हात समजला जाणारा बाल बट्टार, त्यानेच नंतर पत्रकाराला सांगितलं की ते मी घडवून आणलं. तोवर बट्टार स्वतः गोळी लागून आंधळा झाला होता आणि मानेखालचं अंग गेलं होतं. २०११ मध्ये तोही गेला. रक्षण करणाऱ्यावर मालकाचा विश्वास असतो, पण तो उपयोगापुरता, आणि हे दोघांनाही माहीत असतं.

तुझ्या मुलाची टीम म्हणजे टोळी, असं मी म्हणत नाहीये. लगेच फोन करून रडू नकोस. मात्र ही दोन जगं वाटतात तितकी लांब नाहीत. माझी भाची कनेक्टिकटला डॅनबरीजवळ राहते. तिथे २००४ मध्ये जेम्स गॅलान्टे नावाच्या कचऱ्याच्या ठेकेदाराने हॉकीची टीम काढली आणि आपल्याच सतरा वर्षांच्या मुलाला तिचा जनरल मॅनेजर केलं. टीम मारामारीसाठीच गाजली, लोक तेच बघायला यायचे. ठेकेदाराचे धागे न्यूयॉर्कच्या माफिया घराण्यापर्यंत होते. २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि आत गेला. टीम त्याआधीच बंद पडून खेळाडू पांगले होते. भाची सांगते, तिथले लोक अजून त्या टीमचं नाव काढतात, अगदी हसत हसत.

आता काय करायचं. कोचला भेट, ईमेल नको. नवऱ्याला बरोबर ने, पण बोल तू. एकच विचार: माझ्या मुलाला बर्फावर केव्हा पाठवता? सामना हातातून गेल्यावर, शेवटच्या काही मिनिटांत, समोरचा दांडगा उतरला की, असं उत्तर निघालं तर तो खेळाडू नाही, हत्यार आहे. दुसरी टीम शोध. हंगाम बुडाला तरी चालेल. तुमच्या वयोगटात हॉकी कॅनडा या संघटनेच्या नियमाने मारामारीला थेट बाहेर काढतात, हे कोचला तुझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी तो हे काम देतो, कारण सस्पेन्शन त्याला होत नाही. आणि ज्या भविष्याच्या आशेवर नवरा खूश आहे, ते दुकान बंद होत आलंय. एनएचएलमधल्या मारामाऱ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून कमी झाल्यात. क्विबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेरच काढायला सुरुवात केली. उंच मुलाला आता स्केटिंग लागतं. त्याला स्केटिंगचा कोच लाव.

डोक्याला मार लागून गरगरलं, उजेड सोसेना, चिडचिड वाढली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हे मुलाचं म्हणणं धरायचं नाही, या कामात तेच बोलायला शिकवतात.

नवऱ्याने मारामारीचे व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर मामा-काकांना पाठवणं आजपासून बंद. पत्रात हे तू कंसात लिहिलंयस, पण मी वाचलं. पोरगा घरी येऊन त्या व्हिडिओखालचे अंगठे मोजत असेल. आणि मुलाशी बोलायचं तर समोर बसवून नको, रिंकवरून परतताना गाडीत बोल. ‘मारामारी का करतोस’ विचारलंस तर तो गप्प बसेल. ‘उद्या कुणाशी आहे रे, झोप लागेल का?’ एवढंच विचार आणि मग रेडिओ लावू नकोस.

पार्टीला बोलावणं बंद होईल, याची तयारी ठेव. काही दिवस वाईट जातील. तेव्हा त्याला इंजिनियर जॉन स्कॉटची गोष्ट सांग. आपल्या घरात इंजिनियर म्हटलं की कान टवकारतात. मिशिगन टेकचा मेकॅनिकल इंजिनियर, एनएचएलमध्ये ठोसे मारण्यासाठीच ठेवलेला, कारकिर्दीत गोल पाच. २०१६ मध्ये लोकांनी थट्टा म्हणून त्याला ऑल-स्टार सामन्यात निवडून दिलं. येऊ नकोस असं त्याला सुचवण्यात आलं. तो गेला, दोन गोल केले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे खेळता येत होतं त्याला. कुणी विचारलंच नव्हतं.

बाकीचं भराभर. कॅलगरीची बदली घ्या, तीन तासांचा रस्ता आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही. उलट हॉकीचा प्रश्न परस्पर सुटेल. धाकटीला भरतनाट्यम नको असेल तर सोडू दे, तुझी हौस तू भागव, मंडळात मोठ्यांचे वर्ग असतात. घरात मराठीचं म्हणशील तर सासूबाई येताहेत ना? त्या आणि नातू बोलत असताना मध्ये पडून भाषांतर करू नकोस, आपोआप बोलेल. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान एक वर्षाचा आणि एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे म्हणतेस, तर आधीपासूनच्या आजाराबद्दल त्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाच. एजंट सांगेल त्यावर जाऊ नकोस.